गायकवाडकाकांचं पोटॅशियम

"सहा पॉइंट सात," राणे मॅडमनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "सलग तिसऱ्यांदा. तू दिलेला चार्ट हा माणूस पाळतोय की नाही?"

मी वाशीतल्या एका हॉस्पिटलमध्ये इंटर्न होते. डायटेटिक्सच्या एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. राणे मॅडम तिथल्या सीनियर डाएटिशियन आणि गायकवाडकाका माझी पहिली स्वतंत्र केस. किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. भाज्या-फळांत पोटॅशियम असतं. चांगली किडनी जास्तीचं बाहेर टाकते, काकांची टाकत नव्हती. ते रक्तात साडेपाच-सहाच्या वर साठत गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

शिवाय महिन्याभरात काकू त्यांना स्वतःची किडनी देणार होत्या. जो पथ्य पाळत नाही तो नंतरची औषधं तरी काय वेळेवर घेणार, असा हिशेब करून डॉक्टर अशांचं ऑपरेशन पुढे ढकलतात.

"शुक्रवारी ऑपरेशनची मीटिंग आहे," मॅडम म्हणाल्या. "तोवर कारण सापडलं नाही, तर फाइलवर 'पथ्य पाळत नाही' लिहावं लागेल. सही तुझी."

मला काकांचा रागच आला. केळी, नारळपाणी, टोमॅटो, बटाटा, सगळं मी बंद केलं होतं. हे गृहस्थ नक्की चोरून खात असणार. डायलिसिस चालू असतानाच मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "काका, खरं सांगा, बाहेर काय खाता?"

रबाळ्याच्या कंपनीत आयुष्यभर मशीन चालवलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "ही जे वाढते तेच खातो. इस्वास नसंल तर घरी येऊन बघा."

दुसऱ्या दिवशी गेलेच कोपरखैरण्याला, न कळवता. डबे उघडायचे, फ्रिज तपासायचा, असं सगळं ठरवून. काकूंनी दार उघडलं आणि त्यांना आनंदच झाला.

"या ताई. आमचं काय चुकतंय ते बघा तरी. मला तर टेन्शननं जेवन जात नाय."

स्वयंपाक चालूच होता. काकूंनी फ्लॉवर बारीक चिरला, भरपूर पाण्यात उकळला आणि चाळणीवर ओतला. याला आम्ही लीचिंग म्हणतो. पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि भाजी पेशंटला चालते. सगळं अगदी माझ्या चार्टप्रमाणे. चूक काही दिसेना, आणि ती सापडावी असं मला फार वाटत होतं.

मग काकूंनी परात ओढली, पीठ घेतलं, आणि चाळणीखालच्या पातेल्यातलं पाणी त्यात ओतलं.

"काकू, हे काय करताय?"

"कनिक मळते. उरलेलं आमटीत घालते. थेंब वाया जाऊ देत नाय."

"अहो, पण हे पाणी टाकून द्यायचं असतं."

काकू गोंधळल्या. "तुमीच सांगितलेलं ना ताई, फेकायचं नाय म्हणून?" त्यांनी पिठाच्या हाताने फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे एक झेरॉक्स चिकटवलेली होती. 'भाजी उकडलेलं पाणी फेकू नका. कणकेत, आमटीत वापरा.' अक्षर माझं होतं.

पहिल्या वर्षी कॉलेजने आम्हाला कोपरखैरण्याच्याच बुद्धविहारात बायकांशी पोषणावर बोलायला पाठवलं होतं. मी तेव्हा अर्धा तास झकास बोलले होते, आणि निरोगी घरांसाठीचा हा सल्ला झेरॉक्स करून वाटलाही होता. काकू दुसऱ्या रांगेत होत्या म्हणे. मला त्या आठवतही नव्हत्या. त्यांनी मात्र हॉस्पिटलात मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि आपली ताई भेटली म्हणून निर्धास्त झाल्या होत्या. चार्टवर मी नुसतं 'पाणी काढून घ्या' लिहिलं होतं. त्या पाण्याचं पुढे काय करायचं, हे लिहायची मला गरज वाटली नव्हती.

"म्हंजे मीच यांच्या पोटात घातलं?" काकूंनी परात बाजूला सारली.

"तुम्ही नाही काकू. मी."

राणे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "शुक्रवारी हे तू सांगायचंस. असंच्या असं."

सांगितलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. पुढच्या दोन आठवड्यांत पोटॅशियम पाचच्या आसपास आलं, आणि ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

आता चार्ट दिला की मी पेशंटच्या घरच्यांकडून अख्खा स्वयंपाक तोंडी वदवून घेते, पाणी मोरीत ओतेपर्यंत. 'पथ्य पाळत नाही' हा शेरा लिहायला मात्र अजून हात धजत नाही. गायकवाडांच्या घरी माझा शब्द न् शब्द पाळला गेला होता. दोन्ही वेळचा.