बिनरेघांची बोटं

चहा घ्या हो, पण ऐकताना हसायचं नाही. कबूल? अख्ख्या पनवेलात माझ्याएवढा शहाणा मूर्ख झाला नाही, असं आमची बायको म्हणते. तिला खोटं कसं पाडू?

स्वराज्य येऊन काही वर्षं झालेली. मी तेव्हा मिठागरावर कामाला. आमच्या शेठचा बंगला पनवेलात. एकदा तिथं मिठाची पोती टाकायला गेलो आणि नेमका त्याच दिवशी शेठाणीचा सोन्याचा गोफ कपाटातून गेला! कपाटाच्या काचेवर बोटांचे ठसे. झालं! चौकीवरचे फौजदार आले, मुंबईहून ठसेवाले साहेब आले. त्या दिवशी बंगल्यात असलेले आम्ही नोकरमाणसं ओटीवर रांगेत: स्वयंपाकी, ड्रायव्हर, माळी आणि मी.

बाकीचे एकमेकांच्या मागे सरकतायत. पण मी मराठी चौथी पास ना! छाती काढून पुढे झालो.

"सायेब, पयले माजे ठसे घ्या. ज्याच्या मनात पाप नाय, त्याला कसली भीती?"

साहेबांनी माझ्या बोटांना शाई लावली, कागदावर दाबली. उमटलं काय? डाग! नुसते काळे डाग! रेघ म्हणून नाही. मिठात राबून राबून बोटं पार गुळगुळीत झालेली. मी कशाला कधी बघायला जातोय?

फौजदार गरजले, "बोटं घासलीस होय रे?"

"मिठानं घासली, सायेब. पन ज्याला ठसंच नाय, तो काचेवर ठेवील कसं?"

"म्हणजे चोरी केल्यावर घासलीस!"

बाकीच्यांचे ठसे जुळले नाहीत. उरलो मी. ठसेवाले साहेब म्हणाले, "याचं काम बंद ठेवा. रेघा परत येतील, मग बघू."

तेव्हापासून रोज सकाळी चौकीच्या ओसरीवर हात मांडीवर ठेवून बसायचं. माझ्या बोटांवर एक हवालदार पहाऱ्याला! दाढी खाजवली तरी ओरडायचा, "ए, घासू नकोस! सरकारी पुरावा आहे तो!"

ऐन हंगाम. माझी मजुरी बंद. मिठागरावर बायको एकटी. एका संध्याकाळी तिनं चिरा पडलेले तळहात माझ्यापुढं धरले.

"तुमची बोटा सरकारला पायजेत. माजी कोनाला?"

मी खाली मान घालून जेवलो.

शेवटी आल्या हो रेघा! काय सुरेख! एका बोटावर तर चक्र! मी धावत हवालदाराकडे. "फौजदारसायबांना बोलवा!"

तो जांभई देत म्हणाला, "कशाला? गोफ मागेच सापडला. शेठच्या जावयानं गहाण टाकला होता, सोनारानं ओळखून आणून दिला. घरचा मामला, मिटवला."

"जावयाचं ठसं घेतलं?"

"वेडा की काय! जावई आहे तो!"

"मग मला रोज कशाला बसवलंत?"

"कोणी बसवलं? मला वाटलं, तुला ठाऊक आहे. तूच येत होतास!"

तडक बंगल्यावर गेलो. आज शेठला सोडायचा नाही! वाटभर शिव्या घोकल्या. शेठ झोपाळ्यावर. म्हणाले, "झालं गेलं विसर. हे ने घरी." आणि काय दिलं असेल? मिठाचं पोतं! मला! मीठ!

आणि मी काय केलं? ती नवीकोरी बोटं जोडली, कमरेत वाकलो आणि म्हणालो,

"लय उपकार झालं, शेठ!"