सर्वेच्या मॅडम आणि पिठाची गिरणी

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात हळू बोलता न येणारी एकच बाई असेल, आणि लोकांना सर्वांत हळू विचारायचे प्रश्न विचारण्याचं काम नेमकं तिच्याच वाट्याला आलं होतं. आम्ही त्यांना सर्वेच्या मॅडम म्हणायचो. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मॅडमनी सर्वेच्या कामाला घेतलं तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. काम काय आहे हे मात्र मी तिला नीट सांगितलं नव्हतं. बीटी कपाशी आली तेव्हा फवारणी कमी होईल असं सगळे म्हणायचे. पुढे गुलाबी बोंडअळी आली आणि फवारण्या वाढतच गेल्या. त्या औषधांचा पाळीवर, गरोदरपणावर, गर्भाशयावर काय परिणाम होतो, हे गावोगाव जाऊन विचारायचं, असं ते काम होतं.

मॅडम संग्रामपूरकडच्या, कापूसवाल्यांच्याच घरातल्या. मोठ्या शहरात शिकून आल्या होत्या, पण बोलायच्या अस्सल वऱ्हाडी, आणि असं बोलायच्या की जणू समोरचा माणूस नदीच्या पलीकडे उभा आहे. त्यांचा एक हट्ट होता. कुठलाही प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी आपण स्वतः त्याचं उत्तर मोठ्याने द्यायचं. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी त्यांनी आपलं पोट दोनदा पडलं ते सविस्तर सांगितलं. बाहेर चहा घेऊन आलेला माणूस दारातच थबकला आणि ट्रे खाली ठेवून निघून गेला. मग त्यांनी नवऱ्याला फोन लावून तेच प्रश्न विचारले. "अवो, तुमचा काय अनुभव हाय गरोदरपणाचा?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. "लाजले," मॅडम आम्हाला म्हणाल्या.

सर्वेच्या कागदावर 'स्त्री, पुरुष, इतर' असं छापून आलं होतं. ते पाहून त्या अर्धा दिवस चिडलेल्या होत्या. "इतर म्हंजे कोन? 'इतर आप्तेष्ट' लग्नपत्रिकेत असते, आले काय अन् नाई आले काय! मानसाले इतर काऊन म्हनता?" त्यांनी 'इतर' खोडून पुढे रिकामी ओळ काढायला लावली. ज्याने त्याने स्वतःला काय म्हणतो ते सांगावं. तसं सांगायला कुणी येईल असं आम्हा मुलींना तेव्हा वाटलं नव्हतं.

आवाजाचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. नांदुरा तालुक्यातल्या पहिल्याच गावात, घरात दार लावून त्यांनी एका सुनेला काही विचारलं आणि अंगणातून सासूने उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी मुलाखती पिठाच्या गिरणीत हलवल्या. बायका दळण घेऊन येतातच, कुणाला संशय नाही, आणि गिरणीच्या घरघरीत मॅडमचा आवाज बरोबर समोरच्या कानापुरता उरायचा. आम्ही संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र होऊन घरी जायचो. आईला वाटायचं, कॉलेजने मला भाकरी करायला लावलं आहे.

विजूभाऊ तिथेच आला. हे नाव मी बदललं आहे आणि गाव सांगत नाही. त्याला विचारूनच लिहिते आहे. दुसऱ्या तालुक्यातून येऊन तो इथे फवारणीची कामं करायचा. आमच्या सर्वेत वेचणीचे आणि पाळीचे प्रश्न बायकांना होते, फवारणीचे पुरुषांना. कपाशीच्या रानात कामं तशीच वाटलेली असतात, म्हणून प्रश्नही तसेच वाटले होते. विजूभाऊने पंपाची, औषधाची सगळी उत्तरं दिली आणि उठलाच नाही. खाली बघून म्हणाला, "बायाइले इचारता ते मले काऊन नाई इचारलं?"

मॅडमनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि नंतर माझ्या. घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवलेला हा माणूस पाठीवर पंप घेऊन वर्षानुवर्षं फवारत होता आणि आमच्या प्रश्नांच्या दोन्ही रकान्यांत त्याला जागा नव्हती. कित्येक महिने त्याला पाळीचा त्रास होता, आणि तो सांगायचा म्हणजे गावातली खोली, काम, नाव, सगळंच पणाला लागणार होतं. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली, बायकांचे प्रश्न काढले, विचारायला तोंड उघडलं, आणि लाईट गेली. गिरणी थांबली. त्या शांततेत प्रश्न गावभर गेला.

"विजूभाऊ, अंगावरून किती दिवस जाते?"

दळणाची सगळी रांग वळून बघायला लागली. मॅडमनी पापणीसुद्धा हलवली नाही. त्याच आवाजात त्या रांगेतल्या म्हाताऱ्या सोनाजीबुवांकडे वळल्या.

"अन् बुवा, तुमच्या?"

"माह्या? मले कायचं जाते वं बाई!"

"नाई म्हनून लिहितो मंग. पोट कितीदा राह्यलं?"

गिरणीवाले चाचा पोट धरून हसायला लागले. "अरे बुवा, शरमाओ मत, बता दो!"

"हसू नोका चाचा, आता तुमचाच नंबर हाय," मॅडम गरजल्या. "आमचा नियमच हाय, सारे प्रश्न साऱ्याइले!"

असा नियम तोपर्यंत नव्हता. त्या क्षणापासून झाला. चाचांना प्रश्न विचारून झाले, सरपंचांना झाले, मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही झाले. आमचं काम दुप्पट झालं आणि आम्ही मॅडमच्या नावाने बोटं मोडली. पण सोनाजीबुवा दुसऱ्या दिवशी स्वतःहून आले आणि बायको बाळंतपणात गेली ते सांगत दुपारपर्यंत बसून राहिले. विजूभाऊचा प्रश्न त्या सगळ्यांत मिसळून गेला. मुख्य ऑफिसातून फोन आला, पुरुषांना हे कशाला विचारता? मॅडम म्हणाल्या, "नाई म्हनतीन त्याइचं नाई लिहू. जो हो म्हनते त्याले तुम्ही कुठं शोधसान?"

पुढच्याच आठवड्यात त्या त्याला घेऊन तालुक्याला लेडी डॉक्टरकडे गेल्या. मीही सोबत होते. बाकावर बायकाच बायका. एक बाई म्हणाली, "भाऊ, बाप्याइनं भाईर थांबावं." मॅडमनी स्वतःच्या नावाने नंबर लावला, "माहा भाऊ हाय, संग येते," म्हणाल्या आणि आत गेल्यावर पेशंटच्या खुर्चीवर त्याला बसवलं. डॉक्टर बाई आधी गोंधळल्या, मग दार लावून घेतलं. गर्भाशयात गाठ निघाली. वेळेवर निघाली.

सर्वे संपला. मॅडमची बदली लांबच्या जिल्ह्यात झाली. मध्यंतरी नांदुऱ्याच्या स्टँडवर विजूभाऊ भेटला. ऑपरेशन होऊन तो बरा झाला होता, फवारणी सोडून मालवाहू गाडी चालवत होता.

"मॅडम पुन्हा कधी येतात इचाराले?" तो म्हणाला. "लय सांगाचं राह्यलं."

येतील असं खोटं सांगवेना, म्हणून मॅडमची बदली झाल्याचं सांगितलं.

"तुम्ही तं शिकून राह्यल्या ना," तो म्हणाला. "तुम्हीच इचारा मंग."

माझ्याजवळ ना प्रश्न होते ना परवानगी. मी बाकावर थोडं सरकून त्याला जागा केली आणि आता बरं वाटतं का, एवढंच विचारलं. माझी खामगावची एसटी आली, भरली आणि गेली. तो बोलतच होता.