काल्बूने खरवडलेली दगडफुलं

काल्बू नेमकी कशी होती असं कुणी विचारलं असतं, तर ओमुरालीने नुसतीच मान खाजवली असती. दर उन्हाळ्यात तो तिला ट्रकमधून वर हिमनदीपाशी सोडायचा. तिथे ती हिमनदीचा अभ्यास करणाऱ्या तेमिरबेक मास्तरांच्या माणसांना रांधून घालायची. वाटेत फारसं बोलायची नाही. एवढंच.

हिमनदी मागे सरकताना दगडांचे बांध टाकून जाते. त्या दगडांवर पिवळी दगडफुलं चढतात, वर्षाला केसभर. त्यातलं सर्वांत रुंद फूल मोजून मास्तर बांधाचं वय काढत. वीस वर्षं त्यांनी तीच ती फुलं मोजली होती.

त्यांच्या पहिल्याच उन्हाळ्यात काल्बूचा नवरा जुमाश त्यांचं सामान वाहताना बर्फाच्या भेगेत पडून गेला. वादळात त्याला वर धाडलं मास्तरांनीच. गावात येऊन मात्र म्हणाले, "प्यायला होता." जुमाश थेंबाला शिवत नसे. तरी तेव्हापासून काल्बू दारुड्याची बायको झाली.

वीस वर्षांनंतरच्या उन्हाळ्यात पहिल्याच मोजणीला मास्तर ओरडत खाली आले. "सगळी फुलं गेली! मेंढ्या सोडल्या का कुणी वर?"

काल्बू कढई घासत होती. "मेंढ्यांना कशाला नावं ठेवता? मी खरवडली."

"वेड लागलंय तुला?"

"सर्वांत मोठं ठेवलंय. सावकुल आजोबांना जाऊन वर्ष होतंय, त्या जेवणाला सगळं गाव येईल. तिथे सांगा, जुमाश प्यायला नव्हता. नाहीतर तेही जाईल."

"एजे, अगं, वीस वर्षं झाली त्याला!"

"आत्ता बरी मी तुमची थोरली बहीण झाले! तुमच्या दगडावर वीस वर्षं म्हणजे नखाएवढी."

जेवणाला मास्तर उभे राहिले. घोड्याच्या मटणाकडे बघत म्हणाले, "जुमाश शुद्धीत होता. वादळात मीच धाडलं त्याला." म्हाताऱ्यांचे हात ताटातच थांबले. काल्बू मात्र जेवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती भांडी आणायला वर गेली आणि ओमुरालीच्या डोळ्यांदेखत तिने ते शेवटचं फूलही सुरीने खरवडलं, पार उघडा दगड लागेपर्यंत.

"एजे, त्यांनी सांगितलं की सगळ्यांसमोर!"

"एक दिवस. मी वीस वर्षं ऐकलंय."

सुरी घागऱ्याला पुसून ती ट्रकमध्ये बसली. त्या हिवाळ्यात ती वारली, त्यामुळे त्यावर पुन्हा काही बोलणं झालं नाही. त्या दिवशी उतारावर ट्रक उसळला तेव्हा ती म्हणाली होती,

"हळू घे रे, मागे बरण्या आहेत."

"घेतो, एजे."