आखाजीला निंब तोडायचा नसतो

माझे जेठ, म्हणजे मोठे दीर, तसे हुशार माणूस. लूमवर राबता राबता त्यांनी सुरतेत स्वतःचं घर केलं. पण अंगणातला निंब तोडायला त्यांनी मुहूर्त निवडला तो नेमका आखाजीचा! अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतला दिवस, कुणाला विचारायलाही नको. भरतकामाच्या मशीनसाठी वर खोली काढायची होती आणि निंबाच्या फांद्या आड येत होत्या. एवढ्या शहाण्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. वर्षभर गप्प बसणाऱ्या आम्हा खानदेशी बायांना तोंड सोडायची मुभा असते ती त्याच दिवशी.

गावाकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया उभ्या राहून गाण्यातून एकमेकींना अशा शिव्या देतात की कानातले किडे झडावेत. राग मात्र कुणी धरायचा नाही. आमच्या कतारगामच्या गल्लीत नदी कुठली? म्हणून इकडची ओळ आणि तिकडची ओळ समोरासमोर उभी राहते. पुरुषही सुटत नाहीत. ते आखाजीचे पत्ते कुटत निंबाखाली बसलेले असतात, आयतेच सापडतात.

तो निंब माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. ओट्याच्या फटीत आपोआप उगवला होता, त्यांनी तो कुणाला उपटू दिला नाही. डाळ-तांदळाचं धुवण घालून वाढवला. घरात पत्रा तापतो आणि गोंदाच्या वासाने डोकं उठतं, म्हणून साड्यांवर खडे चिकटवायचं काम त्या दिवसभर त्याच्याच सावलीत करतात.

पण खरी गोष्ट वेगळी. आईवडील गेल्यावर भावाने त्यांना आखाजीला बोलावणंच बंद केलं. पहिल्या वर्षी त्या पिशवी भरून वाट बघत बसल्या. संध्याकाळी पिशवी रिकामी केली आणि दुसऱ्या वर्षी निंबाला झोका बांधला. "मन्हं माहेर शे हाई," म्हणाल्या. हे माझं माहेर. तेव्हापासून ज्यांना गावी जायला जमत नाही त्या गल्लीतल्या साऱ्याजणी त्याच झोक्यावर माहेरपण करतात.

जेठांनी निंब तोडायचं ठरवलं तेव्हा जाऊबाई खाली मान घालून साडीवर खडे चिकटवत राहिल्या. नवऱ्यापुढे त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. माझा जीव तिळतिळ तुटत होता. पण जेठांपुढे मी तरी काय बोलणार? पदर सावरायचा नि चहा द्यायचा. दोन कप जोरात आपटले, तेवढंच.

आखाजीला सकाळीच लाकूडतोड्या आला, हातात कुऱ्हाड, खांद्यावर जाड दोर. "यंदा झोका नको, नुसती गाणी म्हणा. आमचा डाव संपला की काम सुरू," जेठ म्हणाले. आणि पत्ते वाटायला बसले कुठे, तर त्याच निंबाखाली! आता बोला!

समोरच्या ओळीने आम्हाला आळशी म्हटलं, आम्ही त्यांच्या नवऱ्यांची ढेरी काढली, हसून हसून पोट दुखलं. एवढ्यात मागे उभ्या असलेल्या जाऊबाईंनी गौराईची टोपली माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि पुढे झाल्या.

"पत्ता खेळस धल्ला मन्हा निंबनी सावलीमा,
निंब गया ते सकाय बठी कोननी सावलीमा?"

धल्ला म्हणजे म्हातारा, म्हणजे नवरा! माय वं! जेठांचे सोबती खो खो हसायला लागले. जाऊबाई म्हणत काय होत्या, आज तू निंबाच्या सावलीत बसलास, उद्या कुणाच्या सावलीत बसशील? जेठही ओठांतल्या ओठांत हसले. मग जाऊबाईंनी दुसरं कडवं काढलं, स्वतःच जुळवलेलं.

"आखाजीले करं ते कधी सरत नही,
आज सावली तोडी ते ऊन सरत नही."

हसणं थांबलं. आखाजीला केलेलं कधी संपत नाही, म्हणून तर आम्ही त्या दिवशी दान करतो, गुंजभर का होईना सोनं घेतो. पण आज सावली तोडली तर ऊनही कधी सरणार नाही, हा विचार कुणी केलाच नव्हता. आपसात गुजराती बोलणाऱ्या आमच्या पोरींनी ती ओळ उचलली आणि टाळ्यांवर परत परत म्हणायला लागल्या. 'झाडे लावा' असं रंगवलेला मुलांचा कागद आमच्या भिंतीवर कधीचा चिकटलेला होता. तो वाचून कुणाच्या अंगावर काटा आला नव्हता, तो आज आला. जेठांच्या एका सोबत्याने हातातली पानं खाली ठेवली. "भो, हाई ते खरं शे," म्हणाला.

जेठ उठले. चेहरा लाल. लाकूडतोड्याकडे गेले, तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी त्याच्या खांद्यावरचा दोर ओढून घेतला. "तू सांजोऱ्या खाय, दोर ऱ्हाऊ दे. खोली मागच्या अंगाला काढू," म्हणाले. मग लुंगी वर खोचून स्वतः फांदीवर दोर टाकला, गाठ मारली, लोंबकळून पाहिलं.

आणि कुणाकडेही न बघता जाऊबाईंना म्हणाले, "बठ. माहेरी उनी ना तू?"

माहेरी आलीस ना तू, म्हणे! मला रडू आवरेना. जाऊबाई मात्र झोक्यावर ऐसपैस बसल्या आणि त्यांनी नवऱ्याला पुढची शिवी दिली.