सगळ्या दिशांनी

चिंचवडच्या ज्या स्कॅन सेंटरमध्ये मी फरशी पुसते, तिथं मेंदूचे फोटो काढणारा एक माणूस आहे. पेशंटच्या पायांवर तो स्वतः चादर ओढतो आणि म्हणतो, "काका, लग्नाच्या मांडवात बसला होता तसं गप पडायचं." मेंदू सगळ्या दिशांनी मोजायला फार वेळ लागतो, तेवढ्यात माणूस हलतो. म्हणून मशीन मोजक्याच दिशांनी मोजतं आणि मधलं कॉम्प्युटर भरून काढतो, असं त्यानंच मला एकदा सांगितलं होतं.

चाकणच्या कंपनीत डोक्याला मार लागल्यापासून माझा नवरा बोलत नाही. फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, मेंदूतली बोलण्याची वाट तुटली आहे. चार दिवस धीर गोळा करून मी त्या माणसाला विचारलं, "दादा, कमी मोजल्यामुळं ती दिसली नसेल का?"

"तसं वाटत नाही, ताई."

तरी सुट्टीच्या दिवशी तो आला. नवऱ्याला पुन्हा आत झोपवलं आणि सगळ्या दिशांनी मोजलं. बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसला.

"आता काही सुटलं नाही, ताई. वाट तुटलेलीच आहे."

एवढं कोण कुणासाठी करतं? पण मी विचारलं नसतं, तर शंका तरी जवळ राहिली असती.