ओह्योची उरलेली साल

तोमिए झाडांशी बोलते, हे सारू नदीकाठच्या त्या आयनू आदिवासींच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायची ती माणसांशीही, पण ते ऐकणाऱ्याला सोसेलच असं नव्हतं. शेजारची कियोमी म्हणायची, "बये, झाडांशी जेवढं गोड बोलतेस त्यातलं चिमूटभर आमच्या वाट्याला येऊ दे की!"

"तुझ्यापासून धागा निघत असता तर बोलले असते," तोमिए म्हणायची.

तिचा जन्म ओह्यो झाडाच्या सालीत गेला. लहानपणी शाळेतली पोरं 'आयनू, आयनू' करून चिडवायची, म्हणून आईने घरातला माग माळ्यावर टाकून दिला होता. लग्न होऊन लेक झाल्यावर तोमिएने तो खाली काढला आणि आजीपाशी, आयनू भाषेत हुचीपाशी, शिकायला बसली. जूनमध्ये साल सैल होते. ती ओढून काढायची, डबक्यात कुजवायची, पदर सुटे करायचे, धागे वळायचे, अक्रोडाच्या सालीत उकळून तपकिरी करायचे. मग कमरेला पट्टा बांधून जमिनीवर बसायचं आणि विणायचं. या कापडाला अत्तुश म्हणतात. साल कुजत असताना घरात इतका वास सुटायचा की नवरा मुकाट्याने आपलं ताट घेऊन अंगणात जायचा.

हुचीचा नियम कडक होता. झाड पुरतं सोलायचं नाही. एका अंगाची साल घ्यायची, बाकीची वाऱ्याने सुटू नये म्हणून सालीच्याच पट्टीने बांधायची, आणि मुळाशी राळ्याचा उंडा नि चिमूटभर तंबाखू ठेवायची. तोमिए वर आणखी सांगायची, "बाई, वरचा कोट तेवढा नेते. आतले कपडे तुझे तुला. सुखाने जग." आणि पाठ फिरवायची. सोललेल्या झाडाकडे पुन्हा बघायला जाऊ नये, त्याला लाज वाटते, अशी त्यांच्या घरची समजूत होती. त्यामुळे ती कधी गेलीच नाही. झाडं सुखाने जगत असणार, हे ती धरूनच चालली होती.

लेक नाहो जंगलाच्या अभ्यासाची नोकरी करायची. साप्पोरो शहरात एक प्रदर्शन ठरलं, त्यात तिने आईची अत्तुशं मांडायचं घेतलं. प्रत्येक कापड ज्या झाडाचं, त्याचा फोटो शेजारी, खाली त्याची हुचीकडची माहिती आणि शास्त्रातली माहिती. मधली मोठी भिंत नव्या कापडासाठी राखून ठेवली होती. तोमिएचे गुडघे आता कुरकुर करू लागले होते. एवढं मोठं कापड पुन्हा आपल्या हातून होणार नाही, हे ती जाणून होती, आणि त्या भिंतीवर तिचा जीव जडला होता.

मे महिन्यात नाहो झाडांचे फोटो काढायला डोंगरात गेली. आईने एकेक झाड तोंडपाठ सांगितलं होतं, कुठलं ओढ्याच्या वळणावर, कुठलं कुबड्या खडकामागे. संध्याकाळी परतली ती सूपचा वाडगा पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली.

"रावसाचं सूप आहे, देवाचा प्रसाद नाही. जेव. वाट चुकलीस का?"

"नाही हापो. झाडं सापडली." आईला ती हापोच म्हणायची. "एक सोडून सगळी वाळली आहेत."

तोमिएने चमचा खाली ठेवला. "भलतंच. मी अर्ध्याहून जास्त साल ठेवली होती."

"ठेवली होतीस. एका झाडावर तुझी पट्टीसुद्धा दिसली. उरलेली हरणांनी खाल्ली. बर्फात गवत मिळेना की ती सालीवर तुटून पडतात. चहूबाजूंनी साल गेली की पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत पोचतच नाही. झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं."

"म्हणजे हुची चुकली?"

"नाही गं. तिच्या वेळी हरणं एवढी कुठे होती? तिच्याही आधी लांडगे होते. आता लांडगे संपले, शिकारी म्हातारे झाले. तुझा यात काय दोष?"

"मला समजावू नकोस. सुखाने जग, असं मी त्यांना तोंडावर सांगून आले होते."

नाहो हळूच म्हणाली, "दुसऱ्या जिवंत ओह्योंचे फोटो लावू या का? सारखीच तर दिसतात."

"ज्याचं कापड त्याचाच फोटो. झाड वाळलेलं तर वाळलेलं."

जूनमध्ये तोमिए घरची समजूत मोडून त्या झाडांकडे गेली. पांढऱ्याफटक खोडांवर दातांच्या खुणा होत्या. तिने त्यांवरून बोटं फिरवली आणि नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती इतकी रडली. नाहो थोड्या अंतरावर उभी राहिली.

मग दोघी नव्या कापडासाठी निवडलेल्या झाडापाशी आल्या. नाहोने पाठीवरून तारेच्या जाळीची गुंडाळी उतरवली.

"तू साल काढ. मी लगेच जाळी बांधते. हरणाचं तोंड पोचणार नाही."

तोमिएने सुरी सालीला टेकवली. "बर्फाच्या भाराने ही जाळी खाली घसरत नाही?"

"घसरू नये."

"नये म्हणजे?"

"या डोंगरावर अजून कुणी लावून बघितलेली नाही, हापो. मीच पहिली."

तोमिएने सुरी परत म्यानात घातली. "मग एक हिवाळा जाऊ दे."

"अगं, प्रदर्शन शरदात आहे! ती भिंत? आणि पुढच्या वर्षी तुझे गुडघे..."

"भिंत रिकामी राहील. गुडघ्यांचं माझं मी बघते." तिने उंडा मुळाशी ठेवला आणि झाडाकडे वळून म्हणाली, "बाई, आजवर आधी घेतलं आणि मग तुम्हाला देवावर सोडलं. यंदा आधी राखते. जगलीस तर मागायला येईन."

नाहोने जाळी खोडाभोवती गुंडाळली. मग तार पिळायची पक्कड तिने आईच्या हातात दिली.