दारातलं हजेरीचं रजिस्टर

मैत्रिणींनो, हा कागद चेंजिंग रूमच्या दारामागे मुद्दाम लावलाय. काढू नका.

आज दुपारी घाटकोपरला आपल्या नर्स-मिडवाइफ युनियनचं अधिवेशन झालं. हॉलच्या दारात टेबल, टेबलावर रजिस्टर आणि मागे निळ्या साडीतली एक हसरी बाई. आपल्याला सवयच ना! रजिस्टर दिसलं की हात आपोआप चालतो. नाव, वॉर्ड, आल्याची वेळ, सही. लेबर रूमच्या शालनने नुसतं नाव लिहिलं, तर मी तिला दटावलं, "वॉर्ड कोण लिहिणार गं?"

भाषणं झकास झाली. शेवटी मी आपल्या सेक्रेटरी सुमनताईंना म्हटलं, "हजेरी भरपूर लागली ना?"

"कसली हजेरी?" त्या म्हणाल्या. "आम्ही मुद्दामच नावं घेतली नाहीत. उगाच कोणाची नोकरी जायची."

मी दाराकडे धावले. टेबल होतं. रजिस्टर नव्हतं, बाईही नव्हती.

संध्याकाळी ड्युटीवर आले, तर मेट्रन अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काय, घाटकोपरला भाषणं बरी झाली का?" मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं.

शालनला उद्या दहा वाजता ऑफिसात बोलावलंय. एकटीलाच. ती अजून कायम झालेली नाही, आणि वॉर्ड तिला मी लिहायला लावला.

मी तिच्याबरोबर जाणार आहे. तुमच्यापैकी कोणी कोणी सही केली? तिकडे नाव गेलंच आहे, आता इथेही लिहा. पहिलं माझं.

मंदा, मेल सर्जिकल वॉर्ड.